बॅटरीबाईंच्या टाकीचा वॉल्व

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या थिएटरात त्यांनी सगळी नोकरी अंधारात काढली. खेळ सुरू झाल्यावर धडपडत येणाऱ्यांना हातातल्या बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, हे त्यांचं काम. म्हणून त्या बॅटरीबाई. थिएटर बंद पडलं, तिथे सोफे आणि कपाटांचं दुकान आलं, पण नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. त्यांचे यजमान त्याच थिएटरात वरच्या खोलीत बसून पडद्यावर सिनेमा दाखवणारं मशीन चालवायचे, ते मशीनवाले. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्यानंतर संडासातल्या फ्लशची टाकी पहिल्यांदाच बिघडली होती.

बिघाड तसा साधाच. टाकी काठोकाठ भरली तरी आत येणारं पाणी थांबेना. दिवसभर फुस्स फुस्स आवाज, जणू कुणी कोपऱ्यात बसून नाक ओढतंय. बाईंनी झाकण काढून आतला, पाण्यावर तरंगणारा फुगा उचलून पाहिला, दोरीने बांधून पाहिला. दोरी दुसऱ्या दिवशी सुटली. प्लंबर येऊन बघून गेला. "मावशी, वॉल्व गेलाय. बदलावा लागेल. पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाला.

आणि लेक तर रविवारी येणार होती.

खरी अडचण पाण्याची नव्हती, लेकीची होती. मागच्या महिन्यात दाराचं कुलूप अडकलं आणि बाई अर्धा दिवस जिन्यात बसून राहिल्या. ते कळल्यावर लेकीने निकाल देऊन टाकला होता. "आता पुरे झालं, आई. यापुढे या घरात एक जरी वस्तू बिघडली ना, तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. कायमचं."

बाई "बरं बरं" म्हणाल्या होत्या. लेकीचा पारा चढलेला असताना तिच्याशी वाद घालणं म्हणजे आगीत तेल ओतणं. पण घर सोडायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून शनिवारी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि नवा वॉल्व मागितला.

"बसवणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"मीच."

"काकू, जपून हं. टाकी चिनी मातीची असेल तर जोर लावू नका. तडकली की गेली."

काम बाईंना नवं नव्हतं. निदान तसं त्यांना वाटत होतं. टाकी कुरकुरायला लागली की सुट्टीच्या दिवशी सकाळी मशीनवाले बाह्या सरसावत. "अगं, बॅटरी आण!" मग ते टाकीखाली मान वाकडी करून उकिडवे बसत आणि बाई त्यांच्या डोक्यावरून वाकून उजेड धरत. जागा इतकी चिंचोळी, की दोघं आत शिरल्यावर दार लावून घेतल्याशिवाय हलता येत नसे.

"हातावर काय उजेड पाडतेस? हात माझा मला माहीत आहे. नटावर पाड, नटावर!"

"एवढ्या माणसांना मी खुर्च्या दाखवल्या, एकाने कधी तक्रार केली नाही."

"तक्रार ऐकायला तू थांबलीस कुठे? बॅटरी विझवून पसार!"

असं चालायचं. थिएटरात ते वर आणि त्या खाली, मध्ये अख्खा सिनेमा. घरी यायचं ते थकूनभागून, जेवून आडवं व्हायला. खांद्याला खांदा लावून, कुठेही जाता येत नाही म्हणून का होईना, दोघं तासभर एकत्र सापडत ते या टाकीपाशीच. काम झालं की मशीनवाले एकदा पाणी सोडत आणि टाकी भरताना नव्या सिनेमाचा पहिला खेळ बघावा तसे टक लावून बघत. "बघ, थांबलं," असं म्हणत. त्यानंतरही दार लगेच उघडायची घाई कुणी करत नसे.

रविवारी सकाळी बाईंनी पदर खोचला. आधी टाकीकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला. फ्लश ओढून टाकी रिकामी केली, तळाचं पाणी फडक्याने टिपून घेतलं. खालची नळी सोडवली. सगळं कसं पाठ केलेल्या कवितेसारखं आठवत होतं. मग आला टाकीच्या बुडाखालचा मोठा नट.

तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे त्यांनी इतक्या वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या कशाबशा खाली बसल्या, पान्हा लावला आणि फिरवला. नट हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला. नट जरा हलल्यासारखा झाला आणि टाकीतून 'कुर्र' असा आवाज आला. बाईंनी चटकन पान्हा काढून घेतला. टाकी तडकली की संपलंच सगळं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. लेक वेळेआधीच हजर होती, काहीतरी बिघडलेलं सापडणारच या खात्रीने हातात मोठी रिकामी बॅग. तिने आईचे ओले कपडे पाहिले, संडासात पसरलेली हत्यारं पाहिली.

"वा! काय काय चाललंय हे?"

"काही नाही. साफसफाई."

"पान्ह्याने?"

बाईंनी हातातला पान्हा पाठीमागे नेला.

"टाकी बिघडली ना? आपलं काय ठरलं होतं, आई?"

"ठरलं होतं ते बिघडली तर. ही आता दुरुस्त होतेय. एक नट तेवढा राहिलाय."

"तुझे गुडघे तुला उठू देत नाहीत, आणि म्हणे नट राहिलाय! सरक. मी बघते. नाही निघाला तर काय करायचं ते मी सांगेन."

लेक टाकीखाली उकिडवी बसली. बाईंनी खुंटीवरची बॅटरी घेतली, दार लावून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून, तिच्या डोक्यावरून वाकून उजेड धरला. पाय आपोआप आपल्या जुन्या जागी गेले.

"कुठल्या बाजूला फिरवू?"

"घड्याळासारखा."

लेकीने पान्हा लावला आणि एकदम खेकसली, "आई, हातावर काय उजेड पाडतेस? नटावर पाड ना!"

बाईंचा हात जागीच थांबला. तसाच सूर, तीच चिडचिड. त्यांनी उजेड सरकवला, आणि वरून पाहताना त्यांच्या ध्यानात आलं की लेकीचा हात उलटाच चाललाय. घड्याळाच्या विरुद्ध दिशेने.

"थांब, थांब! नट आवळतेयस तू. दुसरीकडे फिरव."

"तूच म्हणालीस ना घड्याळासारखा?"

"अगं, मी इथून बघायचे! तुझे बाबा खालून फिरवायचे आणि मी वरून. मला जे सरळ दिसायचं ते त्यांना उलटं. सकाळपासून मी तो नट आणखी घट्ट करत बसलेय!"

लेक हसून हसून जमिनीवरच बसली. मग तिने दुसऱ्या बाजूने दम धरून पान्हा ओढला, आणि नट सुटला. टाकीला कुठे चीर नव्हती. जुना वॉल्व वर उपसून काढला, नवा आत सोडला. रबरी वायसर टाकीच्या आतल्या बाजूला बसलाय ना, हे बाईंनी उजेड टाकून दोनदा पाहिलं.

"आता नट हातानेच आवळ. पान्हा शेवटी, अगदी नावाला."

नळी जोडली, कॉक हळूच उघडला. पाणी आलं, नवा फुगा वर चढला, आणि पाणी थांबलं. घर एकदम गप्प झालं. दार लावलेलंच होतं. कुणी ते उघडायला गेलं नाही.

"लहानपणी मला वाटायचं, तुम्ही दोघं आत भांडताय," लेक म्हणाली. "मी बाहेर कानांत बोटं घालून बसायचे."

"भांडतच होतो की."

"मग बाहेर येताना हसत का असायचात?"

बाईंनी टाकीचं झाकण नीट बसवलं.

"पण बघ, आई," लेक हात पुसत म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ होता, "हे एकटीला नसतं जमलं तुला."

"नसतं जमलं," बाईंनी कबूल केलं. "दोन माणसांचंच काम आहे हे. पण म्हणून दुसऱ्या माणसाला हाक मारायची की पहिल्याला घरातून उठवायचं?"

लेकीने पान्हा पुसून बाजूला ठेवला.

"माझ्याकडची टाकीपण बिघडलीय," ती शेवटी म्हणाली. "केव्हापासून. तुझ्या जावयाला वेळ नाही, आणि मला एकटीला हात लावायचा धीर होत नाही."

"आणि तू मला न्यायला आलीस!"

"हो ना."

"मग सरळ सांगायचं होतं. निघू या आपण. पण संध्याकाळी मला इथे आणून सोडायचं."

"उद्या सोडते."

"संध्याकाळी."

"बरं बाई, संध्याकाळी."

बॅटरीबाई ओले कपडे बदलायला आतल्या खोलीत गेल्या. तिथूनच त्यांनी ओरडून विचारलं, "तुझी टाकी चिनी मातीची आहे की प्लॅस्टिकची?"