ऑपरेशनच्या सकाळचं कढण

कुठे लसणीच्या फोडणीत कुळीथ शिजल्याचा वास आला, की मला पनवेलच्या इस्पितळातली ती सकाळ आठवते. मूत्रनळीत अडकलेल्या खड्यानं मला चार दिवस जागं ठेवलं होतं, आणि माझ्याबरोबर बायकोलाही. डॉक्टर म्हणाले होते, "कापाकापी नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेझरनं फोडू. फक्त सकाळपासून पाण्याचा थेंबही नको." मी शहाण्यासारखी मान डोलावली. पण बायको खाली कागदपत्रं भरत असताना आईनं पाठवलेलं कुळथाचं कढण थर्मासमधून पेलाभर प्यायलो. खड्यावरचं औषधच ते, खाणं थोडंच! भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?" मी "छे" म्हणालो, आणि लगेच मोठ्ठा ढेकर आला. बाई वाकल्या. "लसूण?" "कढण. पण औषध म्हणून घेतलं." "अहो, भुलीत ते उलटून फुप्फुसात गेलं असतं, म्हणजे? आज ऑपरेशन नाही. उद्या बघू." शेजारच्या खाटेवरचे उरणचे आजोबा म्हणाले, "आमी चा पन नाय घेतला, आन तुमी कढन पिऊन आलाव?" माझ्याऐवजी त्यांनाच आत नेलं. मी कूस बदलत कण्हत राहिलो. बायकोनं ऑफिसात फोन करून आणखी एक दिवसाची रजा मागितली. दुसऱ्या दिवशी खडा फुटला, अंगावर एक टाकाही पडला नाही. आता कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर प्रश्न मला विचारतात आणि उत्तर बायको देते. मीही मध्ये बोलत नाही; माझ्या "छे"ची किंमत आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.