रंगाऱ्याचा तोल

गल्लीत त्यांना सगळे रंगारीकाका म्हणत. तीस वर्षं शिडीवर गेली. एका सकाळी छताला ब्रश लावायला त्यांनी मान वर केली आणि अख्खी खोली गरगर फिरली. कसेबसे उतरून ते फरशीवरच बसून राहिले. डॉक्टरांनी कानातला दोष सांगितला, गोळ्या दिल्या आणि जपून योगासनं करायला सांगितली.

धाकटी बहीण योग शिकवायची. तिने भावाला भिंतीपाशी उभं केलं.

"दादा, समोरच्या खिळ्यावर नजर ठेव. श्वास रोखू नकोस. मान मागे टाकायची नाही."

"या वयात उभं राहायला शिकू होय?"

"शीक. आधी भिंतीला हात लाव."

पहिल्या आठवड्यात एका पायावर पाच अंक मोजेपर्यंतही त्यांना टिकता आलं नाही. चौथ्या महिन्यात भिंतीवरचा हात सुटला. चक्कर पुरती गेली नाही, पण आता ती आली की ते न घाबरता खाली बसायचे आणि सावकाश श्वास घ्यायचे.

छताचं काम मात्र त्यांनी सोडलं. इतकी वर्षं खाली रंग कालवून देणारी त्यांची बायको आता वर चढते. ते शिडी धरून विचारतात, "कोपरा राहिला नाही ना?"