काकांनी निवडून दिलेली दोन कार्डं

परदेशात पैसे कसे न्यायचे आणि तिथं गेल्यावर ते कसे काढायचे, हे मला आमच्या कारखान्याच्या हिशेब खात्यातल्या काकांनी शिकवलं. ते स्वतः तोवर एकदाही विमानात बसले नव्हते.

मी तेव्हा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमचं घर म्हसा गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. भात, नाचणी, थोडी वरई. त्या वस्तीतली बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, त्यामुळे आईवडिलांना माझं कौतुक होतं आणि माझ्याशी काय बोलायचं हे मात्र त्यांना हळूहळू कळेनासं झालं होतं. मी मुरबाडला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे.

दोन हजार चारच्या सुमारास कारखान्यानं नेदरलँड्समधून तपासणीचं एक यंत्र मागवलं. ते चालवायला शिकण्यासाठी आम्ही दोघी तीन महिने तिकडे जाणार होतो. पण दुसरीला दिवस गेले, तिनं नाव मागे घेतलं आणि मी एकटी उरले. साहेबांनी विचारलं, जमेल का? मी हो म्हणाले. रात्रभर विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित नाही म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी काकांनी बोलावून घेतलं. हिशेब खात्यात काचेच्या आडोशामागे त्यांचं टेबल होतं. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. रोज सापगावहून एसटीनं यायचे. बायको वारली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. कारखान्यातून कोणी बाहेरदेशी जायचं ठरलं की पैशांची व्यवस्था तेच बघायचे, पण साहेब लोक त्यांचं फारसं ऐकत नसत. मी ऐकणार हे त्यांनी ओळखलं असावं.

त्यांनी एक जाड फाइल काढली. तीत चार-पाच बँकांची माहितीपत्रकं होती, काही तर जुनी, कडा पिवळ्या पडलेली. मग एकेक कार्ड त्यांनी मला समजावून सांगितलं. क्रेडिट कार्ड दुकानात चालवायला बरं, पण त्यावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू. आपल्या खात्याचं डेबिट कार्ड सोपं, पण दर खेपेला ठरावीक रक्कम कापली जाते, मग वीस युरो काढा नाहीतर दोनशे, आणि रुपयाचे युरो होताना बँक मध्ये आपला वाटा घेते तो वेगळाच. तिसरं आधीच युरो भरून न्यायचं कार्ड. त्यात भाव भरताना ठरतो, नंतर रुपया पडला तरी आपल्याला झळ नाही, पण उरलेले पैसे परत घेताना पुन्हा कापतात. प्रवासी चेक त्यांनी बाजूला सारले. बँक उघडी असेल तेव्हाच ते वटतात, म्हणाले.

"दोन कार्डं ने. एक भरलेलं, एक खात्याचं," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही एका पाकिटात ठेवू नको. आनि एकदम जास्त काढ, थोडे थोडे काढू नको. उगाच कापून जातात."

कल्याणच्या बँकेत ते माझ्याबरोबर आले. तिथल्या माणसानं मला विचारलं, मिस्टर कुठं काम करतात? काकांनी मध्येच सांगितलं की जाणारी ही आहे, कागद हिचे आहेत. त्या माणसानं मान खाली घालून फॉर्म भरले. डेबिट कार्ड परदेशात चालू करून देतो म्हणाला आणि आम्ही दोघंही त्याच्यावर विसंबलो.

मी गेले ती पौषात. म्हशाची जत्रा तोंडावर होती. आई म्हणाली, जत्रेआधीच चाललीस.

नेदरलँड्समधलं ते गाव लहान आणि सपाट होतं. कुठंही उभं राहिलं तरी नजरेला डोंगर लागत नसे, आणि मला दिशाच कळायच्या नाहीत. कंपनीनं एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली दिली होती. बाई चांगली होती, पण तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला डच. सकाळी ती काहीतरी म्हणायची, मी हसायचे. प्रयोगशाळेत सगळे कामापुरतं नीट बोलायचे आणि पाचला सायकलवर बसून निघून जायचे. माझ्यासमोर सगळी संध्याकाळ आणि अख्खा शनिवार-रविवार उभा असायचा.

पहिल्याच आठवड्यात कळलं की गावातल्या किराणा दुकानात आपली कार्डं चालतच नाहीत. तिथं फक्त त्यांच्या देशाच्या बँकांची चालायची. गल्ल्यावरच्या पोरीनं माझं कार्ड दोनदा फिरवलं, मान हलवली आणि ब्रेड, दूध, सफरचंदं सगळं बाजूला काढून ठेवलं. मागे माणसं थांबली होती. मी तशीच बाहेर आले. म्हणजे रोख हवी आणि रोख चौकातल्या एटीएममधून.

काकांनी सांगितलं होतं एकदम काढ. मी वीस-वीस काढत राहिले. खर्च फार नव्हता. पण संध्याकाळी खोलीत बसवेना झालं की कोट घालून चौकात जायचं एक कारण मिळायचं. रांगेत दोन माणसं असायची. कोणी मला आधी जाऊ द्यायचं, कोणी हवेबद्दल काही बोलायचं. पैसे घ्यायचे, पाकिटात ठेवायचे, चर्चला वळसा घालून परत यायचं. तेवढ्यानं दिवस संपायला मदत व्हायची.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी थंडीनं बोटं बधिर झाली होती. मी भरलेल्या कार्डाला दुसऱ्या कार्डाचा पिन दिला. चुकलं. पुन्हा तोच दिला, मग घाबरून तिसराच. यंत्रानं कार्ड आत ओढून घेतलं आणि पडदा पूर्ववत झाला. मी बराच वेळ तिथं उभी राहिले, जणू कोणी ते आतून परत देणार होतं. खोलीवर जाऊन बॅगेच्या तळातून दुसरं कार्ड काढून आणलं. या वेळी पिन बरोबर दिला, तरी व्यवहार होऊ शकत नाही असं आलं. कल्याणच्या त्या माणसानं ते चालूच केलं नव्हतं.

पाकिटात चार युरो आणि काही नाणी होती. दुपारचं जेवण कंपनीत मिळायचं, त्यामुळे उपाशी राहायची वेळ नव्हती. प्रयोगशाळेत कोणालाही सांगितलं असतं तर पैसे मिळाले असते हेही मला ठाऊक होतं. पण महिन्याभरापूर्वी आलेल्या मुलीनं उसने मागायचे, हे मला जमेना. खालच्या बाईनं त्या संध्याकाळी सूप आणून दिलं. मी जेवले म्हणून खुणेनं सांगितलं आणि ती गेल्यावर रडले.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी चौकातल्या फोनच्या खोक्यातून कारखान्यात फोन लावला. फोनचं कार्ड आधीच घेतलेलं होतं, त्यात मिनिटं होती. तिकडे दुपार झाली होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. उद्या याच वेळी फोन कर म्हणाले आणि ठेवून दिला. नंतर मला कळलं की ते लगेच अर्धी रजा टाकून कल्याणला गेले. बँकेतल्या माणसानं उद्या या म्हणून सांगितलं, तर ते त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिले आणि काम झाल्यावरच उठले.

मंगळवारी त्यांनी पहिल्या घंटेलाच फोन उचलला.

"एटीएम लांब हाय का तिथून?"

मी म्हणाले, समोरच आहे, रस्त्यापलीकडे.

"मग जा. पैसे काढून ये. मी थांबतो."

रिसीव्हर लोंबता ठेवून मी रस्ता ओलांडला. पन्नास युरो आले. परत येऊन मिळाले म्हटलं, तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडलेला मला इतक्या लांबून ऐकू आला. मला वाटलं, आता ठेवतील. ते म्हणाले, कार्डात मिनिटं असतील तर थोडं बोल. मग बारीकसारीक विचारायला लागले. आता उजेड आहे का तिथं? रस्त्यावर बर्फ असतो का, पाय घसरतो का? एटीएमवर इंग्रजी येतं का? वयस्कर माणसं एकटी फिरतात का? आणि मग, सहज विचारावं तसं, तिथून कोलोन किती लांब आहे. मी म्हणाले, जर्मनीत आहे ना, रेल्वेनं तीनेक तास असेल. बरं, म्हणाले. मिनिटं संपली आणि फोन आपोआप तुटला.

गुढीपाडवा झाल्यावर मी परत आले. कारखान्याला खर्चाचे कागद द्यायचे होते. दोन्ही कार्डांची पत्रकं घेऊन काका बसले आणि मी समोर. ते बोट फिरवत खाली खाली गेले आणि थांबले. वीस, वीस, वीस, वीस. प्रत्येकापुढे कापलेली रक्कम. मी काहीतरी सबब शोधत होते.

त्यांनी पत्रक उलटं ठेवलं. "एकटं वाटायचं का गो तिथं?"

मी हो म्हणून मान हलवली. माझ्या घरीसुद्धा हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विमानाबद्दल विचारलं होतं.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं की कोलोनला त्यांचा मुलगा आहे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास शिकायला गेला, तिथंच नोकरी, तिथलीच बायको, एक मुलगी. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन यायचा. मग सणाला. जाऊ या म्हणून काकांनी पासपोर्ट लगेच काढून ठेवला होता. या वर्षी घर लहान आहे, पुढच्या वर्षी या, असं दर वर्षी होत गेलं. कोणती बँक परदेशात किती कापते ते त्यांनी आमच्यासाठी नव्हे, तेव्हापासून स्वतःसाठी बघून ठेवलं होतं. मुलाकडे हात पसरायला लागू नये, एवढंच. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं, मी त्याला भेटून आले असते. ते म्हणाले, म्हणूनच नाही सांगितलं.

निवृत्त झाल्यावर, दोन हजार सात साली, मुलानं एकदाचं बोलावलं. तीन महिन्यांचा व्हिसा होता. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. नवा स्वेटर, दोन खिशांत दोन कार्डं. आत जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही, त्याचं मला बरं वाटलं.

पाच आठवड्यांत ते परत आले. कोणाला न कळवता. मला आठ दिवसांनी समजलं, तशी रविवारी सापगावला गेले. त्यांनी चहा केला. ओटीवर बसून, विचारण्याची वाट न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. सगळे चांगले वागले. सुनेनं भात करायला शिकून घेतला होता. नातीला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण ती त्यांचं बोट धरायची. मुलगा सकाळी जायचा, रात्री यायचा. कुठंही गेलं की काकांचा हात खिशात जायच्या आत तो पैसे देऊन मोकळा व्हायचा. नातीला बाहुली घ्यायची होती, तीही त्यानंच घेतली. बाबा, तुम्ही कशाला, असं म्हणायचा. चांगल्या मनानं म्हणायचा, असं काका दोनदा म्हणाले.

एक दिवस घरी कोणी नसताना ते एकटेच बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या एटीएममधून पन्नास युरो काढले. एका हॉटेलात खिडकीपाशी बसून कॉफी मागवली, मग केकही. दीड तास बसले. वाढणाऱ्या पोरीनं दोनदा येऊन आणखी काही हवं का विचारलं.

"तेवढाच वेळ मी कोनाकडं आलेला नव्हतो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक होतो. बरं वाटलं."

घरी गेल्यावर मुलानं विचारलं, कुठं गेला होता. सांगितल्यावर तो म्हणाला, पैसे हवे होते तर मला सांगायचं ना. काकांना त्याला समजावून सांगता आलं नाही. त्यानंतर दोघंही एकमेकांशी जास्तच जपून बोलायला लागले आणि ते जपणं काकांना सोसेना. आठवडाभरानं त्यांनीच तिकीट बदलून घ्यायला सांगितलं. मुलानं रहा म्हटलं, पण एकदाच.

मी विचारलं, पुन्हा बोलावलं तर जाल का? ते समोरच्या खाचरांकडे बघत होते. भात कापून झालेला होता, नुसते खुंट उभे होते. नाय, म्हणाले. मग म्हणाले, त्याचं काय चुकलं नाय, माझंही नाय.

दोन वर्षांनी कारखान्यानं मला पुन्हा दोन महिन्यांसाठी तिकडेच पाठवलं. या वेळी माझ्याकडे मोबाइल होता आणि गावही ओळखीचं होतं. संध्याकाळ मात्र तेवढीच लांब होती. दर रविवारी सकाळी मी सापगावला फोन लावायचे. आम्ही विशेष काही बोलायचो नाही. इथं पाऊस आहे, तिथं भेंडी महागली, गुडघा दुखतो, असलंच. त्यांच्या शेजारणीनं मला नंतर सांगितलं की रविवारी ते लवकर आंघोळ करून फोनपाशी खुर्ची घेऊन बसायचे. तरी फोन कधी पहिल्या घंटेला उचलला नाही. चौथी-पाचवी घंटा होऊ द्यायचे आणि मग, हातातलं काम सोडून आल्यासारखं, कोण म्हणून विचारायचे.