शेवंतीची आंघोळ

थंडीत आम्ही आंघोळ करायचो ती अंग स्वच्छ व्हावं म्हणून नव्हे, शेवंतीला पाणी मिळावं म्हणून. निदान मी तरी तसंच समजत होते. आमच्या आडाचं पाणी फार खोल. ते शेंदून फुलांना घालायचं तर वडील कटकट करायचे. म्हणून मायनं न्हाणीचा पाट परसात वळवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना शेवंती लावली. मग काय, दिवस उगवायच्या आत एकेकाला अंथरुणातून ओढून काढायची.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते तांब्याभर पाण्यात उरकून कुडकुडत बाहेर यायचे.

"झालं? इतक्यात?" माय विचारायची.

"मी आंघोळ करायलोय का मळा भिजवायलोय?"

"दोन्ही करा की. तुमचं काय जायलंय?"

पण मार्गशीर्ष लागला की त्या परसातून पाय निघायचा नाही. पिवळी, पांढरी, विटकरी फुलं, पाकळ्यांवर दंव. ऊन येईपर्यंत मधमाश्या गारठून फुलातच बसून राहायच्या. शिकेकाई, चुलवणाचा धूर आणि शेवंती यांचा मिळून एक वास यायचा. तो मला अत्तरापेक्षा आवडायचा.

त्या वर्षी मात्र मायनं एका फुलाला हात लावू दिला नाही. औरादला दिलेल्या माझ्या अक्काला सातवा महिना लागला होता. तिला माहेरी आणून, हिरवी चोळी घालून, शेवंतीनं अंगभर सजवून डोहाळजेवण करायचं होतं. तोवर देवालाही झेंडूवर भागवावं लागलं. निजामाच्या अमलातले गिरदावर साहेब वसुलीला आले, शेरवानीला लावायला एक फूल मागू लागले, तर मायनं त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

आणि डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी अक्काच्या सासूचा निरोप आला. गाडीचे हिसके बसतील, सुनेला धाडत नाही.

माय परसात जाऊन शेवंतीपाशी बसली. तिला तसं बघून मला त्या सासूचा असा राग आला की सांगता सोय नाही. थोड्या वेळानं अप्पा आले आणि हरभरा उपटावा तशी फुलं ओरबाडू लागले.

"अवो, देठ ठिवा की!" माय ओरडली आणि डोळे पुसत उठली.

संध्याकाळपर्यंत आम्ही वेण्या, गजरे, बाजूबंद गुंफले. पहाटे अप्पा टोपली घेऊन पायीच औरादला निघाले. परतले दुसऱ्या दिवशी. डोक्याचा पटका चुरगळलेला, घड्यांत पिवळ्या पाकळ्या अडकलेल्या.

"ह्ये काय वो?" मायनं विचारलं.

"वाटंत ऊन लागलं. फुलं माना टाकायलती. मग पटका वढ्यात भिजवला आन् फुलांवर गुंडाळला."

माय बघतच राहिली. पटक्याशिवाय अप्पा कधी अंगणातही उभे राहिले नव्हते. "म्हंजी लेकीच्या सासरी, येह्याच्या दारात बोडक्या डोक्यानं गेलाव व्हय?"

"मग काय करू? लेकीची फुलं व्हती."

"लेवली का ती?"

"लेवली. अंगभर."

दुसऱ्या दिवशी माय उठवायला आली तेव्हा अप्पा न्हाणीत शिरलेले होते. पाट काठोकाठ वाहत होता, आणि आतून ते आणखी एक घागर मागत होते.