पोचेकाकांनी काढलेला पोचा

पोचेकाकांना एकच भुवई होती. दुसरी जळाली ती परत उगवलीच नाय. तरुणपणी गॅसबत्तीच्या टाकीत घासलेट उरलंय का ते न बघता कथलाचा डाग द्यायला बसले आणि भडका उडाला. तेव्हापासून कुणाचीबी टाकी आली की आधी कानाशी हलवायचे, मग हुंगायचे, मग गरम पाण्यानं खळखळून धुवायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की भुवईच्या जागेवर बोट ठेवायचे. "माझी घाई इथं होती."

घाटकोपरच्या डोंगराखाली नळाशेजारी त्यांचं पत्र्याचं खोपटं होतं. टाकीचे पोचे काढायचे म्हणून पोचेकाका, खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या पुढची सालं ती. वरातीत तेव्हा बायका डोक्यावर बत्ती घेऊन चालायच्या. मीबी त्यातलीच. जिची स्वतःची बत्ती, तिलाच मुकादम बोलवायचा. बत्ती पेटली तर माझी चूल पेटायची.

पोचा काढायच्या आधी काका विचारायचे, "कशी पडली?" लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा पायजेत. पण मार ज्या अंगानं बसला त्याच्या उलट ओढायचं, अशी त्यांची रीत. पोच्यावर पितळेची कांडी डागायची आणि पकडीनं जरा जरा ओढायची. हिसका कधी नाय. म्हणायचे, "मार खाल्लेलं पितळ कडक होतं. चुचकारून आणावं लागतं."

एकदा संध्याकाळी वरात आणि माझी टाकी चेपलेली. जोडाला चीर, हवा धरेना. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात घाल. मी काकांकडं गेले.

"कशी पडली गं?"

"डोक्यावरनं."

त्यांनी पोच्यावरनं अंगठा फिरवला. "डोक्यावरनं पडली तर बूड चेपतं. ही फेकलीय."

 नवरा पिऊन आला की हाताला येईल ते फेकायचा.

"तुला लागली?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"म्हणजे आधी तुला, मग भिंतीला," काका म्हणाले. "कळलं ते बरं. तिरकी ओढायला पायजे."

जेवायलासुद्धा उठले नाय. शेवटी चीर डागली, हवा भरली, टाकी बादलीत बुडवली. बुडबुडा आला नाय. "वरात झाली की इथंच आणून ठेव," म्हणाले. "रोज तपासावी लागते म्हणून सांग घरी."

तेव्हापासून बत्ती त्यांच्याकडंच राहिली. नवरा एकदा भांडायला गेला. काकांनी भुवईच्या जागेवर बोट ठेवलं. "आधी बिडी विझवा. इथं घासलेट आहे." तो तसाच माघारी आला.

नवरा वारला तेव्हा तेरावं झाल्यावर काका काठी टेकत डोंगर चढून माझ्या घरी आले. काखेत बत्ती. दारातच ठेवली. "आता राहू दे हिला घरी." पाणीबी न घेता उतरले.

पुढं वरातीत ट्यूबलायटी आल्या. एक दिवस खोपटं उघडलंच नाय.

बत्ती अजून आहे. कधी कधी तो पोचा बोटानं शोधते. सापडत नाय. खांदा मात्र थंडीत दुखतो.