हिरव्या ठिपक्याचा डबा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. थोरल्या वहिनींचे. आईवडिलांनी जन्म दिला, गावातल्या मास्तरांनी अक्षरं दिली, थोरल्या भावानं फी भरली. पण मी पदवीधर झालो तो वहिनींच्या भाकरीवर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळं तिकडं काय खातात, कुठं राहतात, याची कुणालाच कल्पना नव्हती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, तुमी शिका. पोटाचं मी बघते."

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरी रस्त्यापासून थोडं आत. रात्रीची मुक्कामाची गाडी पहाटे कोल्हापूरला निघायची. वहिनी चारला उठायच्या. चार भाकऱ्या, भाजी नाहीतर आमटी आणि वरच्या पुडात खर्ड्याचा गोळा. तीन पुडांचा डबा फडक्यात बांधून त्या अंधारातच गाडीपाशी जायच्या. ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर, गावोगावचे असे दहा-पंधरा डबे एकाला एक टेकून बसायचे. कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही खोल्या करून राहणारी मुलं वाट बघत उभी असायचो. पावती नाही, वही नाही. कुणी झाकणावर नाव रंगवलेलं, कुणी कडीला चिंधी बांधलेली. आमच्या डब्यावर हिरवा ठिपका होता. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग वहिनींनी बोटानं झाकणाला लावला होता.

संध्याकाळी डबा धुऊन त्याच गाडीनं परत पाठवायचा. पहिल्या दिवशी मी तो कंडक्टरमामांच्या हातात दिला. त्यांनी हलवून बघितला.

"रिकामा व्हय?"

"व्हय. सगळं खाल्लं."

"आरं, शिकायला आलायस न्हवं? बाईमाणसानं अंधारात उठून भरलाय, आन् तू तसाच रिता धाडतोस? डबा रिकामा माघारी देत न्हाईत."

"मग काय घालू मामा? माझ्याकडं काय न्हाय."

"कागुद तरी हाय का न्हाय? चिठ्ठी घाल की."

तेव्हापासून रोज चिठ्ठी. भाकरी पुरली, उद्या मीठ जरा कमी, गुरुवारी सुट्टी आहे, डबा नको. वहिनींची शाळा दुसरीत सुटलेली. त्या एकेक अक्षर बोटानं धरून वाचायच्या आणि जोडाक्षर आलं की अडायच्या. म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहायचो आणि जोडाक्षर येईल तिथं दुसरा शब्द शोधायचो. कॉलेजात निबंधाला मला बरे गुण मिळायचे. त्याचं कारण ही सवय असावी, असं मला अजून वाटतं.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये आमटी आंबायची. पावसात गाडी अडकली की भाकरी दुपारी मिळायची आणि तिला डिझेलचा वास असायचा. एकदा माझ्या डब्यात दुसऱ्याचं मटण आलं आणि माझी मेथी त्याच्याकडं गेली. दोघांनीही खाऊन टाकलं आणि चिठ्ठीत खरं लिहिलं.

पण आज माझ्या दारात जे जेवण येतं, त्याची मला शिसारी येते.

घरात कुणाला कंटाळा आला की फोनवर बोट फिरवतात. बेल वाजते. हेल्मेट न काढलेला एक माणूस दारात उभा असतो. तो रामराम करत नाही, मीही करत नाही. "ओटीपी सांगा," तो म्हणतो. चार आकडे सांगितले की पिशवी हातात पडते. तिघांच्या जेवणाला नऊ डब्या. कांद्याला एक, लिंबाच्या फोडीला एक. झाकणाभोवती अशी चिकटपट्टी की ती सुरीनंच सुटावी. तांबडा रस्सा उघडला की आधी नव्या रेनकोटाचा वास येतो, मग मसाल्याचा. भाकरी चंदेरी कागदात घामेजून ओल्या फडक्यासारखी झालेली असते. हातानं भाकरी मोडून खाणाऱ्या माणसाला वर दोन पांढरे चमचे दिलेले असतात. बोटांना लागलेला नारिंगी तवंग दोनदा साबण लावून जात नाही. जेवण संपायच्या आत फोन किणकिणतो आणि किती तारे देणार ते विचारतो. जेवलात का, हे कुणीच विचारत नाही.

आणि नंतर त्या डब्या. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांचा ढीग असतो. कुत्री झाकणं चाटतात. एकाचं तोंड डबीत अडकलं होतं, तर ते डोकं आपटत रस्ताभर फिरत होतं आणि लोक त्याचं शूटिंग करत होते. चहाच्या गाडीवर जावं तर कागदी कप. दुसऱ्या घोटाला त्याची कड जिभेवर विरघळते. हॉटेलात बसलं की पूर्वी काही न बोलता पाण्याचा तांब्या समोर यायचा. आता "बाटली फोडू का?" असं विचारतात. ज्याला तोंड लावायचं त्या प्रत्येक वस्तूचा दहा मिनिटांत कचरा होतो. आमच्या घरात मात्र त्या डब्या टाकत नाहीत. धुऊन बेसिनखाली रचून ठेवतात. कपाट उघडलं की चारपाच अंगावर पडतात, आणि कितीही धुतल्या तरी त्यांचा पिवळेपणा जात नाही.

हे सगळं सांगायचं कारण यंदा घडलं. वहिनी गोठ्यात घसरून पडल्या. उजवा हात मोडला, प्लॅस्टर घातलं. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पुतण्या पुण्यात कंपनीत. वहिनी गावात एकट्या. मी न्यायला गेलो तर चुलीपुढं बसून डाव्या हातानं चहात बिस्किट बुडवत होत्या. सकाळी तेच, दुपारी तेच. गाल आत गेले होते.

"चला कोल्हापूरला."

"आन् म्हस कुणाच्या गळ्यात बांधू?"

"धार तर शेजारीणच काढते आता. मग तिच्याकडं दोन भाकरी खायला काय झालं?"

"म्हस माझी हाय. भाकरी तिची. एक-दोन दीस ठीक. रोज कुणाच्या दारात ताटली घिऊन बसू व्हय मी?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या वयात हाड जुळायचं तर पोटात अन्न पाहिजे, नाहीतर हात असाच राहील. ज्या हाताच्या भाकरीवर मी शिकलो, तो हात. परतताना ठरवलं, आता डबा आपण पाठवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो. आमच्या गावाकडच्या गाडीला बाई कंडक्टर होत्या.

"काका, डबाबिबा नको हां."

"नुसती भाजी-भाकरी आहे ओ."

"सगळी तेच सांगत्यात. आमटी पब्लिकच्या अंगावर सांडली तर मी पुसत बसू का तिकिटं फाडू? समोर पार्सलवाला हाय, तिकडं जावा."

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. समोरच्या पार्सलच्या दुकानात काचेमागचा माणूस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "घेणाऱ्याचा नंबर?"

दिला.

"ओटीपी जाईल त्यावर. तो सांगितल्याशिवाय माल मिळणार नाही."

"त्यांना नाही वाचता येणार. हात प्लॅस्टरात आहे, चष्मा जुना आहे."

"मग दुसरा कुणाचा द्या. आत काय हाय?"

"भाकरी."

आता त्यानं मान वर केली. "खायचं न्हाय चालत. कपडे, कागदपत्रं, स्पेअर पार्ट."

"म्हणजे मोटारसायकलचा पाना चालतो, आणि भाकरी नाही?"

"सिस्टीममध्ये भाकरीच न्हाय पावणं, मी काय करू?"

मी रस्त्यावर आलो. पिशवी हातात गरम लागत होती. नाक्यावर वडाप उभं होतं, माणसं कोंबून नेणारी जीप. ड्रायव्हरनं गाव विचारलं, घर विचारलं.

"आवो, ती प्लॅस्टर घातल्याली म्हातारी न्हवं? रोज तिच्या दारावरनं जातोय. आणा हिकडं."

"पोचल्यावर तुम्हाला काही नंबर वगैरे..."

"कसला नंबर? म्हातारीला मी वळखतो, म्हातारी मला वळखती. बसा निवांत."

इतकं सोपं होतं. मला इतका आनंद झाला की माझी चूक माझ्या लक्षातच आली नाही. जेवण मी त्याच बेसिनखालच्या डब्यांतून पाठवलं होतं. बायको म्हणाली होती, एखादा स्टीलचा डबा आणू. मीच म्हणालो, नको, परत आणायची कटकट कशाला? गेला तर गेला.

चार दिवस असे डबे गेले. रोज दुपारी फोन करायचो.

"वयनी, जेवलासा न्हवं?"

"जेवले."

बस. पुढं काही नाही. मला वाटलं, हात दुखत असेल.

पाचव्या दिवशी वडापवाल्यानं पिशवी घ्यायला हातच पुढं केला नाही.

"सायेब, खरं सांगू का? म्हातारी चिडलीया. तुमचं डबं सगळं चुलीम्होरं वळीनं मांडून ठेवल्यात तिनं. भाकरी म्हस खाती."

"आणि त्या?"

"च्या-बिस्किट. ह्ये दिलंय तुमास्नी."

त्यानं सीटखालून फडक्यातलं गाठोडं काढलं. आत तो डबा होता. तीन पुडांचा, कडी वाकलेली, झाकणावर हिरवा ठिपका, जवळजवळ उडालेला. मी परीक्षा देऊन तो घरी नेला, त्यानंतर त्यात वहिनी बियाणं ठेवायच्या. उघडला. वरच्या पुडात ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा होत्या. डाव्या हातानं भरलेल्या, चारदोन फडक्यात सांडलेल्या.

"काय म्हणाल्या?"

वडापवाला जरा अवघडला. "म्हनाली, भावजीस्नी सांग, ह्येच्यात घालून धाडा. टाकून द्यायच्या डब्यात कुत्र्याला घालत्यात. मला माघारी धाडायला काय तरी पायजे का नगं?"

मी तिथंच, नाक्यावर, जीपला टेकून उभा राहिलो. गेली कित्येक वर्षं मी त्या डब्यांना नावं ठेवतो आहे. कचेरीत, कट्ट्यावर, घरात, जो ऐकेल त्याला. आणि ज्या बाईनं मला तीन वर्षं जेवू घातलं, तिला मी त्याच पाठवल्या, कारण मला परतीची कटकट नको होती. त्या कोपऱ्यावरच्या ढिगाची येते तशी शिसारी मला त्या वेळी स्वतःची आली. शिवाय एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती, चिठ्ठीत तर खोटीच लिहिली होती.

"दहा मिनिटं थांबाल?" मी विचारलं.

"थांबतो की. अजून चार शिटा भरायच्या हायत्या."

समोरच्या टपरीवर डबा विसळून घेतला. पिशवीतलं जेवण त्या डब्यांतून यात काढलं. टपरीवाल्याकडून वहीचा कागद मागितला आणि तिथंच फळीवर लिहायला बसलो. मोठ्या अक्षरात. पूर्वीसारखीच जोडाक्षरं टाळली. एखादं राहिलं असेल.

वहिनी,

पाया पडतो.

आज भाकरी तीन आहेत. वांगं भाजून भरीत केलं आहे. खरडा वर ठेवला आहे. तुमी धाडलेली शेंग आमी घरी बसून सोलणार आहोत.

चार दिवस मी चुकलो. जो डबा बघून मला शिसारी येते, तोच तुमाला धाडला. माघारी नको, असं मीच बोललो होतो. राग धरू नका.

अजून एक सांगायचं आहे. मी कॉलेजात असताना एक दिवस तुमी अशीच भरीत भाकरी दिली होती. सोबतची मुलं हॉटेलात निघाली होती. डबा बघून ती हसतील, याची मला लाज वाटली. मी भाकरी गटारात टाकली आणि मिसळ खायला गेलो. कागदावर मात्र लिहिलं, पोट भरलं. ते खोटं होतं. इतकी वरसं झाली, कुणाला बोललो नाही. आज माझी भाकरी तुमी जनावराला घातली, ते ऐकून वाटलं, बरोबर झालं.

आता रोज हाच डबा येईल. हात बरा होईल तोवर येईल. हिरवा ठिपका पुसट झाला आहे. बेंदूर आला की थोडा रंग राखून ठेवा.

माघारी काही धाडू नका, असं मी लिहिणार नाही. काहीही घाला. शेंग घाला, लिंबू घाला. काहीच नसलं तर चुलीतला कोळसा घेऊन कागदावर एक रेघ ओढा. डाव्या हाताची वाकडी असली तरी चालेल. रेघ आली तर जेवलात, असं समजेन. रेघ नसली तर मी वडाप धरून येईन आणि तुमी जेवेपरयंत समोर बसून राहीन.

तुमचाच,
धाकटा