ज्याला फूल, त्याला प्रश्न नाही

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या पाणीव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संस्था. तिच्यात इतिहासाचे प्राध्यापक, भूगर्भवाले, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते आणि कॉलेजात शिकवता शिकवता या नादाला लागलेली माझ्यासारखी माणसं. परदेशी सभासदांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेही या स्वभावामुळेच. "तुम्ही नाहीतरी फिरतच असता, त्यांनाही फिरवा," असं अध्यक्ष म्हणाले आणि विषय संपला.

सांभाळायचं म्हणजे काय, तर वार्षिक अधिवेशनात त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, त्यांचे निबंध जेवणानंतरच्या वेगळ्या सत्रात ठेवायचे, टाळ्या वाजवायच्या आणि फोटो काढायचा. एरवी आमचे लोक एकमेकांच्या निबंधांची सालं काढतात. असे शालजोडीतले देतात की नवख्याने पुन्हा व्यासपीठाकडे फिरकू नये. पण ज्याला फूल दिलं त्याला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नसताना सगळे पाळत.

येमेनहून आलेली ती मुलगी तीन वर्षांपासून आमची सभासद होती. पुण्यात पीएचडी करत होती आणि येरवड्यात एका खोलीत राहत होती. मावळातल्या एका गावात झऱ्याचं पाणी खापरी नळांतून टाक्यात आणलं आहे, त्याची तुलना ती तिच्या डोंगरातल्या टाक्यांशी करत होती. एका दुपारी ती बस बदलत हडपसरला माझ्या घरी आली. चहाचा कप तिने हातात घेतला, पण प्यायली नाही.

"मॅडम, या वर्षी मला फूल नको," ती इंग्रजीत म्हणाली. "मला साध्या सत्रात टाका."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे मार्गदर्शक निवृत्त झाले होते. नवे मार्गदर्शक दुसऱ्याच विषयाचे, दाखवाल तिथे सही करणारे. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि आणखी वाढणार नव्हती. प्रबंध परीक्षकांकडून परत आला तर तोवर ती मायदेशी पोचलेली असणार, आणि तिथून मावळातला डोंगर पुन्हा मोजायला येणं शक्य नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

"माझं काम कुणीतरी आत्ताच फाडून बघा," ती म्हणाली. "परीक्षकाने फाडलं तर शिवायला मला वेळ उरणार नाही."

मी तिचं नाव सकाळच्या सत्रात घातलं. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, पाहुणी आहे ती! त्यांच्या देशात आपलं नाव काय होईल?"

"त्यांच्या देशात आपलं नाव कुणालाही माहीत नाही, सर," मी म्हटलं.

बोलून गेले खरी, पण अधिवेशनाच्या दिवशी माझा पाय एका जागी ठरेना. तिचं वाचन सुरू झालं तशी मी दारात उभी राहिले, उपाहारगृहापर्यंत गेले, चहा न घेता परत आले. आपणच तिला आगीतून फुफाट्यात ढकललं की काय, असं सारखं वाटत होतं. वाचन संपलं. एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "फार सुंदर मांडणी." मला त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "नकाशा परत लावा." आमच्यातल्या सगळ्यात खवचट अभियंत्यांचा आवाज. आयुष्यभर कालवे आखलेला माणूस.

"इथे झरा, इथून नळ निघाला, आणि हे टाकं. बरोबर?"

"हो, सर."

"टाक्याची उंची झऱ्यापेक्षा जास्त लिहिली आहे. म्हणजे पाणी चढ चढून टाक्यात गेलं. त्याला दम नाही लागला?"

सभागृह हसलं. ती नकाशाकडे बघत राहिली.

"उंची कशाने मोजली?"

"फोनने."

"मग फोनलाच विचारा."

"सर, या उंच्यांवर माझी दोन प्रकरणं उभी आहेत," ती म्हणाली.

"ती वाहून गेली समजा," असं म्हणून ते खाली बसले. वेळ संपल्याची घंटा वाजली.

ती बाहेर गेली, तिच्यामागे मी धावले. वाहनतळाशेजारच्या पायरीवर बसून ती रडत होती. मी त्या अभियंत्यांना तोंडाला येईल ते बोलू लागले. तिने मला थांबवलं.

"मॅडम, हाच नकाशा गेली दोन अधिवेशनं पडद्यावर होता. कुणालाच दिसलं नाही?"

खोटं बोलावं असं वाटलं, पण जमलं नाही. "दिसलं असेल," मी म्हटलं. "पण तुझ्या हातात फूल होतं."

ती डोळे पुसायचंही विसरली. तेवढ्यात हेल्मेट काखोटीला मारून ते अभियंते बाहेर आले.

"झालं का रडून? माझ्याकडे उंची मोजायची लेव्हल आहे, जुनी पण खरं बोलणारी. रविवारी गाडी कोण काढतंय?" आणि माझ्याकडे बघितलं.

मग रविवारमागून रविवार आम्ही मावळात. ती मापाची उभी पट्टी धरून काटेरी झुडपांत उभी राहायची, ते लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून तिच्यावर खेकसायचे, आणि मी नुसती वरखाली करायची. टाकं झऱ्याच्या खालीच निघालं. पण इतकंसं खाली, की एवढ्या नाममात्र उतारावर पाणी आणणाऱ्या गवंड्यांचं अभियंत्यांनीही तोंड भरून कौतुक केलं. हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं अवघड. तिने दोन्ही प्रकरणं पुन्हा लिहिली, प्रबंध दिला आणि ती गेली. परीक्षकांचं उत्तर येईपर्यंत मी रोज तिला विचारत होते आणि ती रोज मला धीर देत होती. शेवटी तोंडी परीक्षा इंटरनेटवरून झाली आणि पदवी मिळाली.

पुढच्या अधिवेशनात ती तिच्या घरून पडद्यावर येणार होती. तिथली वीज जाईल या धास्तीने मी सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. ती दिसली, थोडी वाळलेली, पण हसत. कार्यकारिणीतल्या कुणीतरी पडद्यासमोरच्या टेबलावर गुलाबाचं फूल आणून ठेवलं.

मागच्या रांगेतले ते अभियंते उठले. गुडघे धरत पुढे आले.

"उचला ते," ते म्हणाले. "फोटोपुढे ठेवायला ती काय वारली आहे? सभासद आहे ती."

मग त्यांनी स्वतःच फूल उचलून खिशात घातलं आणि पडद्याकडे वळले.

"हं. नकाशा लावा."

"लावते, सर," ती म्हणाली. "आणि या वेळी फोनने मोजलेलं नाही."